समक्ष पाहिले असता

तळोद्यातल्या एका वाचक मंडळानं मागच्या महिन्यात मला ‘माझं आवडतं पुस्तक’ या विषयावर बोलायला बोलावलं. मी नाही म्हणून कळवलं. ज्या पुस्तकाशी मी चोवीस वर्षं भांडते आहे त्याला आवडतं कसं म्हणायचं? बोलावणाऱ्या गृहस्थांनी फोनवर लगेच विचारलं, “कोणतं पुस्तक, मॅडम?” मी सांगितलं नाही. नाव सांगितलं की माणसं ‘वा, अप्रतिम’ म्हणतात आणि विषय तिथंच संपतो. इथंही सांगत नाही. या लिखाणात कुणाचंच नाव येणार नाही, मग त्या पुस्तकाचं तरी का यावं. जुनी कादंबरी आहे, एवढं पुरे.

ती मला पहिल्यांदा भेटली ती एका बाइंडिंगच्या दुकानात. बाजारातल्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं ते दुकान, त्यांच्या आजोबांपासूनचं. वाचनालयाची फाटकी पुस्तकं, शाळांचे हजेरीपट, कचेऱ्यांची दप्तरं, मदरशातल्या किताबा, सगळं त्यांच्याकडं शिवायला यायचं. खळीच्या पातेल्याचा वास गल्लीभर असायचा. चाचांची एक खोड होती. पुस्तक वाचल्याशिवाय ते शिवत नसत. त्यामुळं वाचनालयाचे ग्रंथपाल त्यांच्यावर कायम उखडलेले, कारण एकदा गेलेलं पुस्तक तीन-तीन महिने परत येत नसे. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तास सुटले की घरी जायच्या आधी त्यांच्या बाकड्यावर बसून वाचायचे. त्यांच्या अटी दोनच होत्या. पुस्तक दुकानाबाहेर न्यायचं नाही आणि बोट ओलं करून पान उलटायचं नाही.

कादंबरीतली गोष्ट थोडक्यात अशी. नदीकाठचं एक गाव, फार जुना काळ. गावातला एक सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, नदीत बुडून मरतो. जमीनदारानं त्याला नावेतून ढकलायला लावलं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. पोलीस पाटलालाही ठाऊक असतं. कोर्टात सगळी भिस्त पाटलावर येऊन पडते, कारण त्याच्या शब्दाला वजन आहे. मेलेल्याची बायको त्याच्या पाया पडते. गाव त्याला विनवतं की तू फक्त ‘पाहिलं’ म्हण. वकील विचारतो, तुम्ही स्वतः पाहिलंत का, आणि पाटील सांगतो की पाहिलं नाही, ऐकलं. जमीनदार सुटतो. गाव पाटलाला वाळीत टाकतं. पाटील पाटिलकी सोडतो आणि पुढची बारा वर्षं नदीच्या वरखाली गावोगाव पायी फिरत एकच माणूस शोधतो, ज्यानं ते खरंच डोळ्यांनी पाहिलं असेल. शेवटी तसा माणूस सापडतो. त्याचा हात धरून म्हातारा पाटील कोर्टाच्या पायऱ्या चढतो आणि कादंबरी संपते. पुढं निकाल काय लागला हे लेखकानं सांगितलेलं नाही.

मी पुस्तक बाकड्यावर आपटलं होतं. लहानपणापासून राग माझ्या नाकावर असतो.

“हाऊ कसाना मोठा मानूस?” मी चाचांना म्हणाले. “एक शब्द खोटा बोलता तं त्या बाईले न्याय भेटता.”

चाचा दाभणात दोरा ओवत होते. “धीरे ठेव बेटा, सिलाई नवी शे,” ते म्हणाले. “त्यानी देखंच नही, मंग देखं असं कसं सांगी?”

“बठा गावले मालूम व्हतं.”

“मालूम व्हनं अलग, देखनं अलग.”

मला हे मुळीच पटलं नाही. बारा वर्षं त्या बाईनं काय करायचं? पाटलाचा खरेपणा सांभाळत बसायचं? आपलं सोवळं जपायला दुसऱ्याचा संसार उघड्यावर टाकणारा माणूस, असं मी त्याच्याबद्दल सगळ्यांना सांगत सुटले. पण एक गोष्ट खरी होती. तो मनातून जात नव्हता. पुस्तक परत गेलं, परीक्षा झाल्या, कॉलेज संपलं, तरी कुणी फुशारकीनं ‘मी स्वतः पाहिलंय’ असं म्हटलं की तो हटवादी म्हातारा माझ्या कानाशी येऊन विचारायचा, खरंच पाहिलंस?

पुढं मी तलाठी झाले. आता आमच्या पदाचं नाव बदललं आहे, पण लोक अजून तलाठीच म्हणतात आणि शिव्याही त्याच नावानं देतात. माझा पहिला सजा, म्हणजे माझ्याकडं सोपवलेली गावं, सातपुड्यात होता. धडगावहून जीपनं तास-दीड तास, आणि पुढं जिथं जीप थांबेल तिथून पायी. आमच्या घरात अहिराणी. पाड्यांवर आदिवासींची पावरी. आणि कागदावर तिसरीच भाषा, जी माझीही नाही आणि पाड्याचीही नाही. पहिल्या वर्षी मी खुणा करून आणि हसून कामं भागवली. नंतर चार शब्द शिकले: पाणी, शेत, अंगठा, उद्या. तेवढ्यावर मी स्वतःला पावरी येते असं समजायला लागले.

पंचनामा लिहायला मला आमच्या सर्कल साहेबांनी शिकवलं, म्हणजे पाच-सहा सज्यांवरचे मंडळ अधिकारी. भला माणूस. ते म्हणायचे, पंचनाम्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, त्यात डोकं चालवायचं नाही. ‘आम्ही खालील सही करणार यांनी समक्ष जागेवर जाऊन पाहिले असता...’ एवढं आधी लिहून टाकायचं आणि मग काय दिसलं ते भरायचं. खूप कामं असली की लोक घरूनच दहा कागदांवर हे वाक्य लिहून आणतात. मीही आणायचे. माझं अक्षर चांगलं होतं, त्याचं मला कौतुक होतं.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे त्या दिवशी माझ्या पिशवीत असे आठ कागद होते.

वनजमिनीवरच्या दाव्यांची पाहणी होती. ज्यांचे वाडवडील कायद्यानं ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून जंगलातली जमीन कसत आले, त्यांच्या नावावर ती करून द्यायची, असा तो कायदा. त्यासाठी जागेवर जाऊन खुणा बघायच्या: बांध, लावलेली झाडं, जुन्या घराचं जोतं, पूर्वजांसाठी रोवलेले दगड. मे महिना होता. बरोबर एक वनरक्षक आणि पाड्याच्या समितीतले चार जण. दुपारी एकपर्यंत आम्ही सात शेतं पाहिली. खरोखर पाहिली, बांधाबांधानं फिरून. आठवं शेत एका म्हाताऱ्या विधवेचं होतं आणि ते सगळ्यात वर होतं, डोंगराच्या खांद्यावर.

आम्ही खाली आश्रमशाळेशेजारी चिंचेखाली बसलो होतो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. जीपवाल्याला दुसरी खेप करायची होती म्हणून तो सारखा हॉर्न वाजवत होता. मी कपाळावर हात धरून वर पाहिलं. पिवळं गवत दिसलं, मधे काही झाडं दिसली. वनरक्षक म्हणाला, “वरती काही नाही मॅडम, सागच आहे.” पण दोष त्याच्यावर टाकत नाही. तो उठून उभा राहिला होता, काठी हातात घेऊन, वर जायला. “कशाला, इथूनच दिसतंय,” असं मी म्हणाले. हे वाक्य माझं.

आणि मी ठरलेल्या वाक्यापुढं लिहिलं: सदर क्षेत्रावर लागवडीच्या अगर वहिवाटीच्या कोणत्याही खुणा आढळून आल्या नाहीत. समितीतल्या लोकांनी अंगठे दिले. त्यांतला सगळ्यात वयस्कर माणूस अंगठा देताना वर बोट दाखवून पावरीत काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही. मी मान डोलावली आणि त्याच्यापुढं शाईचा डबा सरकवला.

दावा नामंजूर झाला. सर्कल साहेबांनी मला विचारलंही नव्हतं असं नाही. “आठही पाहिली ना?” एवढं विचारून, माझ्या ‘हो’वर विश्वास ठेवून त्यांनी खाली सही केली होती. वर्षभरात माझी बदली सपाटीवर झाली, तळोद्याच्या जवळ. मी तो कागद विसरले. खरंच विसरले, आणि याचीच आता जास्त लाज वाटते.

त्या पाहणीनंतर तीन वर्षांनी एका सकाळी माझ्या कार्यालयाच्या दारात एक म्हातारी आणि एक तरुण बाई येऊन उभ्या राहिल्या. तरुण बाई सून होती, पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस. तिला मराठी चांगली येत होती. पहाटे निघून, एका जीपमधून दुसऱ्या जीपमध्ये बसत, माझा पत्ता विचारत विचारत त्या आल्या होत्या. म्हातारीनं पदरातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. आमचूर होतं, घरच्या कैऱ्यांचं.

सुनेनं कागद उलगडला. नामंजुरीचा. त्याच्या खाली माझ्या पंचनाम्याची प्रत, त्या सुंदर अक्षरात.

“मॅडम, सासूबाई विचारतात, तुम्ही त्या दिवशी कोणत्या वाटेनं वर गेला होता?”

मी कागदाची घडी सरळ करत राहिले.

“त्या वरती थांबल्या होत्या. तुम्ही येणार म्हणून रांधलं होतं, सहा-सात माणसांचं. आमच्यात वर आलेल्याला उपाशी उतरू देत नाहीत. दिवस कलेपर्यंत वाट बघितली. त्या म्हणतात, शाळेमागून दुसरी वाट आहे, नाल्यानं जाणारी. तुम्ही चुकून तिकडून गेला असाल आणि पलीकडचं पडीक बघितलं असेल. चूक होते माणसाची.”

म्हातारी माझ्याकडं बघत होती. डोळे पाणावलेले, पण ते वयानं. रागाचा मागमूस नव्हता. सुनेनं पुढचंही सांगितलं. त्यांनी जिल्ह्याच्या समितीकडं अपील केलं होतं आणि पंधरा दिवसांनी सुनावणी होती. अपील गेलं तर पावसाळ्यात तिथं वनखात्याच्या रोपवनाचे खड्डे पडणार होते. खड्ड्यांसाठी चुन्याच्या खुणासुद्धा करून झाल्या होत्या. शेत गेलं तर त्या घराला दुसरं काही नव्हतं. मुलगा ऊसतोडीला गुजरातेत, दोन नातवंडं, आणि वरचं ते शेत.

“तुम्ही दुसऱ्या वाटेनं गेला होता का, मॅडम?”

“हो,” मी म्हणाले. “तसंच झालं असेल.”

सुनेनं ते पावरीत सांगितलं. म्हातारीनं मान हलवली, जणू एक काम झालं. चहा घेतला नाही. त्यांना परतीची जीप धरायची होती.

त्या गेल्यावर मी आमचुराची पुडी कपाटात, फायलींच्या मागं ठेवली. उघड्यावर ठेवायची हिंमत झाली नाही.

मी सर्कल साहेबांकडं गेले. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी तुला काय बोलू?” आणि मग म्हणाले की यात अवघड काही नाही. म्हातारीनं स्वतःच वाट काढून दिली आहे. नजरचुकीनं शेजारचं क्षेत्र पाहण्यात आलं, असं एका ओळीचं निवेदन द्यायचं. फेरपाहणी होईल, तिचं काम होईल, कुणाचं काही जाणार नाही. “पण वर गेलेच नाही असं म्हणालीस, तर त्या दिवशीचे सगळेच पंचनामे संशयात येतील. बाकीच्या सात जणांना मिळालेली जमीन पुन्हा तपासायला काढतील. त्यांचं काय? खरं बोलून सात घरांना घोर लावशील का?” त्यांनी ती ओळ मला स्वतः लिहून दिली.

घरी आईला सांगितलं, तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “हात दाखवून अवलक्षण कशाले करस, माय?”

सगळे बरोबर बोलत होते, आणि मला फक्त त्या म्हाताऱ्या पाटलाचा राग येत होता. त्याचं सोपं होतं. त्यानं पाहिलं नव्हतं आणि त्यानं नाही म्हणून सांगितलं. ज्यानं आधीच ‘पाहिलं’ म्हणून ठेवलं आहे, त्यानं काय करायचं याबद्दल त्या जाडजूड कादंबरीत एक ओळ नव्हती.

मी चाचांच्या दुकानात गेले. वीस वर्षांत तिथं झेरॉक्सची दोन मशिनं आली होती आणि खळीचा वास गेला होता. चाचा आतल्या बाजूला खुर्चीवर बसून असत. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यावर त्यांनी सुई सोडली होती. मी ती कादंबरी मागितली. वाचनालय नव्या जागेत गेलं तेव्हा जुनी पुस्तकं पोत्यांत भरली गेली, त्यांतली बरीचशी मिळालीच नाहीत, असं ते म्हणाले.

“ती किताब मी चार डाव सिवी,” चाचा म्हणाले. “तू आपटी व्हती. याद शे माले.”

मी त्यांना सगळं सांगितलं. मग विचारलं, “चाचा, पाटीलनी जर पहिलेच ‘देखं’ सांगी टाकं असतं तं?”

ते हसले. “मंग असी किताब कोन लिखता?”

पण मी हसले नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी शेजारचं एक रजिस्टर उचलून मांडीवर घेतलं, नुसतं हाताला काहीतरी हवं म्हणून, आणि शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले.

“चुकीनी सिलाई ऱ्हायनी तं उधडनीच पडस, बेटा,” ते म्हणाले. “कागद थोडा फाटस. पन वरथून दुसरी सिलाई चालत नही.” आणि थोड्या वेळानं, “खरं सांगू? मी बी त्या पाटीलले कधी माफ करं नही. त्या बाईनी बारा साल कसा काढा व्हतीन?”

मी चकित झाले. इतकी वर्षं मी समजत होते की चाचा त्याच्या बाजूचे आहेत.

सुनावणी नंदुरबारला होती, आणि पाहणी माझी म्हणून मलाही बोलावणं होतं. लांबच लांब टेबल, पंखे, दारात पन्नासेक माणसं. म्हातारी आणि सून मागच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, खुर्च्या रिकाम्या असूनही. माझ्या फायलीत सर्कल साहेबांनी लिहून दिलेली ओळ होती. सांगायला लाज वाटते, पण माझं नाव पुकारेपर्यंत मी तीच वाचून दाखवणार होते.

अध्यक्षांनी पंचनामा पुढं सरकवला. “पाहणी तुमची?”

“हो.”

“स्वतः पाहिलंत?”

त्यांनी सहज विचारलं. दिवसभरात बऱ्याच जणांना विचारत असतील. पण हा प्रश्न मी एकोणिसाव्या वर्षी एका बाकड्यावर बसून वाचला होता आणि उत्तर देणाऱ्याला भरपूर शिव्या दिल्या होत्या. आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी इतक्या वर्षांच्या भांडणात सुटून गेली होती. पाटील फक्त ‘पाहिलं नाही’ म्हणाला नव्हता. जेवढं ऐकलं होतं तेवढं त्यानं ‘ऐकलं’ म्हणून सांगितलंही होतं. आपल्याजवळ जेवढं होतं ते त्यानं कमी केलं नाही आणि वाढवलंही नाही.

“साहेब, त्या दिवशी आठ दावे होते,” मी म्हणाले. “सात शेतं मी बांधावर फिरून पाहिली. कधीही तपासा. आठवं पाहिलं नाही. मी वर गेलेच नाही. खाली चिंचेखाली बसून लिहिलं.”

एका सदस्यांनी विचारलं, “मग ‘समक्ष पाहिले’ असं कसं लिहिलंत?”

“ते वाक्य आधीच लिहिलेलं असतं,” मी म्हणाले, आणि माझंच मला ऐकवेना. “नाही, साहेब. ते मी लिहिलं. वनरक्षक वर जायला उठले होते, मी थांबवलं. सर्कल साहेबांना मी खोटं सांगितलं. समितीच्या लोकांना वाचता येत नाही, त्यांनी माझ्या भरवशावर अंगठे दिले.”

जबाबावर सही करताना माझं अक्षर बिघडलं. वळून बघितलं तेव्हा भिंतीजवळची जागा रिकामी होती. दुपारची जीप गेली की त्यांना रात्र तिथंच काढावी लागली असती.

माझी चौकशी झाली, बढती गेली. ते ठीकच झालं. सातही शेतांची पुन्हा पाहणी झाली आणि सातही तशीच्या तशी निघाली, पण ते कागद येईपर्यंतचे चार महिने त्या सात घरांनी काय विचार करत काढले असतील, हे मी सांगू शकत नाही. सर्कल साहेबांची निवृत्तीची फाइल वर्षभर अडकली. त्यांचा दोष एवढाच की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ते आजही बाजारात समोर आले तर रस्ता ओलांडतात. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही.

आठव्या शेताची फेरपाहणी नव्या पथकानं केली. खड्ड्यांचं काम तोवर थांबवलं होतं. ते लोक वर गेले. हिवाळ्यात दावा मान्य झाल्याचं कळलं, थोड्या कमी क्षेत्राचा, पण मान्य. त्यानंतरच्या मे महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, मी एकटी तिथं गेले. कागद नाही, पेन नाही. आश्रमशाळेपाशी सून भेटली, तिनं वाट दाखवली. आम्ही दोघी चढलो. मधे दोनदा दम खाल्ला. वर पोचलो तेव्हा मी घड्याळ पाहिलं. पाऊण तास लागला होता.

खालून ज्याला मी गवत म्हटलं होतं ते नांगरून ठेवलेलं शेत होतं, पायऱ्यापायऱ्यांचं, प्रत्येक पायरीला दगडी बांध. मधली झाडं साग नव्हती. नऊ आंबे होते, एका ओळीत लावलेले, तिच्या सासऱ्यानं. कातळावर कैऱ्यांच्या फोडी वाळत होत्या. पलीकडं पूर्वजांचे दगड उभे होते, शेंदूर लावलेले. एक खूण नाही, दहा होत्या.

म्हातारीनं मला बसवलं. मक्याची भाकर, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा. मी जेवत होते आणि मला एकच गोष्ट सांगायची होती. कार्यालयात मी तिला जे ‘हो’ म्हटलं होतं ते खोटं होतं. सुनावणीतलं मराठी बोलणं सुनेनं तिला सांगितलं की नाही हे मला माहीत नव्हतं. मी सुनेला म्हणाले, “यांना सांग, मी कुठल्याच वाटेनं आले नव्हते.”

सून उठली. मग म्हणाली, “मॅडम, जरा इकडं या.” ती मला शेताच्या कडेला घेऊन गेली.

तिथून खाली आश्रमशाळेचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. जीप थांबते तो रस्ता दिसत होता. आणि चिंच. चिंचेखाली कुणीतरी दोघं बसले होते. त्यांतल्या एकानं बिडी पेटवायला हातांचा आडोसा केला, तोसुद्धा मला तिथून दिसला.

“त्या दिवशी सासूबाई इथंच उभ्या होत्या,” सून म्हणाली. “तुमची पिवळी ओढणी होती. तुम्ही कपाळावर हात धरून वर बघितलं, तेव्हा त्यांना वाटलं, आता निघाल्या. मग तुम्ही खाली बसून लिहायला लागलात. आमच्या म्हाताऱ्या काकांनी तुम्हाला सांगितलंही, ती वर रांधून थांबलीय म्हणून.”

समितीतली चारही माणसं तिच्याच पाड्यातली. त्यांनी तिला संध्याकाळीच सांगितलं असणार, आणि तिला तर सांगायचीही गरज नव्हती. एवढी साधी गोष्ट मला चार वर्षांत सुचली नव्हती. माझ्या कागदावर सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे होते. ज्या एका बाईनं सगळं समक्ष पाहिलं होतं, तिचं नाव त्यात फक्त ‘दावेदार’ म्हणून होतं.

“मग मला त्या दुसऱ्या वाटेचं का विचारलं?”

सुनेनं म्हातारीला विचारलं. ती चुलीपाशीच बसून होती. तिनं वर न बघता दोन वाक्यं सांगितली.

“त्या म्हणतात, आम्ही बघितलंय असं तोंडावर सांगितलं असतं तर तुमची मान खाली गेली असती. मान खाली गेलेला माणूस परत डोंगर चढून येत नाही.”

पाटलाशी मी अजून भांडते. पण या बाईशी भांडायला माझ्याकडं काहीच नव्हतं. मी परत येऊन ताटावर बसले. तिनं माझ्याकडं न बघता, चढणीच्या वाटेकडं हात करून काहीतरी विचारलं, आणि या वेळी मला सुनेची गरज पडली नाही. ती विचारत होती, चढायला किती वेळ लागला.

मी बोटांनी दाखवलं. तिनं मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली.